नामदारांचा हिशेब

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

गेल्या वर्षी सार्वजनिक आयव्ययाच्या तासाला आमच्या सरांनी वर्गाला विचारले की, तुमच्यापैकी किती जणांनी सरकारचे अंदाजपत्रक कधी उघडून पाहिले आहे? वर्गात साठ-सत्तर मुलेमुली होती. एकही हात वर झाला नाही. सर रागावले नाहीत. पुण्यात पूर्वी एक प्राध्यापक होऊन गेले, ते आपण कादंबरी वाचतो तशा गोडीने अंदाजपत्रक वाचीत, एवढेच सांगून त्यांनी फळ्याकडे तोंड फिरविले. तास संपल्यावर मी मुद्दाम थांबून नाव विचारले. ते प्राध्यापक म्हणजे नामदार गोपाळ कृष्ण गोखले.

खरे सांगायचे तर मला गोखले माहीत होते ते शाळेच्या पुस्तकातल्या गोष्टीपुरते. दुसऱ्याच्या मदतीने सोडविलेल्या गणिताबद्दल गुरुजींनी शाबासकी दिली तेव्हा रडू लागलेला प्रामाणिक मुलगा, आणि मोठेपणी गांधीजींचे राजकीय गुरू. मधले सगळे कोरे. शिवाय मवाळ हा शब्द आम्हा मुलांच्या कानाला जरा मिळमिळीतच लागतो. वर्गात टिळकांवर बोलायला पाच जण उठतात, गोखल्यांवर कोणी उठत नाही. मीही उठलो नसतो. पण ग्रंथालयातून त्यांच्या भाषणांचा जाडजूड इंग्रजी ग्रंथ घरी नेला, शब्दकोश शेजारी ठेवून दिवाळीच्या सुटीत वाचला, आणि वाचता वाचता असे ध्यानात आले की हा गृहस्थ माझ्याच शाळेविषयी बोलतो आहे.

माझी शाळा म्हणजे आमच्या रहाटणीतील महापालिकेची शाळा. वडील कारखान्यात, आई घरी, आणि मी सातवीपर्यंत या शाळेत. पुस्तके फुकट मिळाली, गणवेश मिळाला, दुपारची खिचडी मिळाली. हे सारे कोणाच्या पैशाने चालते हा प्रश्न मला कधी पडला नाही. आमच्या घरात याच प्रश्नाची दुसरी बाजूही होती, ती म्हणजे माझी पणजी. ती मी सात-आठ वर्षांचा असताना वारली, तेव्हा ती नव्वदीला टेकली होती. तिला शंभरापर्यंत मोजता येई, ओव्या येत, गुराच्या दाताकडे पाहून वय सांगता येई, पण स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते. पुणे इथून तीन-साडेतीन कोसांवर. त्या पुण्यात राहून एका माणसाने खेड्यापाड्यांतल्या मुलांसाठी सरकारशी दहा वर्षे आकड्यांचे भांडण केले होते, हे तिला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मला तरी कुठे होते!

गोपाळरावांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात, कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कोल्हापूरकडच्या कागल संस्थानात नोकरीला होते. १८७९ साली ते वारले, तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता. थोरला भाऊ गोविंदराव याने शिक्षण सोडून कागलला पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये तो दरमहा कोल्हापुरास शिकणाऱ्या धाकट्या भावाला पाठवी. पंधरातले आठ! एका घराने आपल्या मिळकतीतला निम्म्याहून अधिक वाटा एका मुलाच्या शिक्षणावर घातला. पुढे सबंध हिंदुस्थानचे अंदाजपत्रक हाती घेणाऱ्या माणसाने पहिले अंदाजपत्रक पाहिले ते हे, असे मला वाटते.

१८८१ साली मॅट्रिक, मग कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, पुण्याचे डेक्कन कॉलेज, आणि शेवटी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८४ साली बी.ए. अठराव्या वर्षी पदवी हाती आलेल्या या तरुणाला सरकारी नोकरी सहज मिळाली असती. तो पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाला. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा आजीव सभासद म्हणजे पंचाहत्तर रुपये पगारावर वीस वर्षे काम करण्याची शपथ. फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी गणित शिकविले, इंग्रजी शिकविले, इतिहास आणि अर्थशास्त्र शिकविले. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळाशाळांतून चालले. कॉलेजच्या इमारतीसाठी वर्गणी गोळा करीत ते सुटीत गावोगाव फिरत. दारात उभे राहून पैसे मागणे काय असते, शाळेला एक वर्गखोली बांधायची तर किती दारे ठोठवावी लागतात, हे त्यांना वाचून नव्हे तर फिरून कळलेले होते.

याच काळात त्यांना न्यायमूर्ती रानडे भेटले. १८८७ पासून रानड्यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९०१ पर्यंत, चौदा वर्षे ही शागिर्दी चालली. सार्वजनिक सभेचे त्रैमासिक गोखल्यांकडे होते आणि पुढे सभेचे चिटणीसपदही आले. रानडे त्यांच्याकडून सरकारी अहवाल वाचून घेत, खर्चाची सदरे तपासून घेत, अर्जांचे मसुदे पुन्हापुन्हा लिहून घेत. हे शिक्षण किती रूक्ष असेल याची कल्पना मला त्या ग्रंथाच्या पहिल्या पन्नास पानांतच आली. पण त्या रूक्षपणातूनच असा माणूस तयार झाला, की ज्याच्यापुढे सरकारने छापलेला आकडा सरकारच्याच उपयोगी पडेनासा झाला.

१८९७ साली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यास ते विलायतेला गेले. वय फक्त एकतीस. लष्करी खर्च, विलायतेत होणारा खर्च, शिक्षणाच्या वाट्याला येणारा चतकोर तुकडा, हे सारे त्यांनी तेथे मांडले आणि उलटतपासणीतही ते डगमगले नाहीत. पण याच मुक्कामात त्यांच्या हातून एक चूक घडली. पुण्यात प्लेगच्या वेळी गोऱ्या सोल्जरांनी केलेल्या अत्याचारांविषयी मित्रांच्या पत्रांवरून त्यांनी तिकडे जाहीर विधान केले. परत आल्यावर त्याला पुरावा देता येईना, तेव्हा त्यांनी बिनशर्त माफी मागितली. त्यावरून त्यांची भरपूर निंदा झाली, आणि अजूनही कोणी कोणी करतात. माफीच्या बाबतीत मी न्याय देऊ शकत नाही. मात्र यानंतरचे गोखले वाचताना एक गोष्ट जाणवते. कागद हाती असल्याशिवाय हा माणूस पुन्हा कधी बोलला नाही.

१८९९ साली ते मुंबई कायदेमंडळात निवडून गेले आणि १९०१ च्या अखेरीस सर फिरोजशहा मेहतांच्या जागी कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळात. हे कायदेमंडळ म्हणजे काय चीज होती हे थोडे सांगितले पाहिजे, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. १८९२ च्या कायद्याने सभासदांना अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा दिली होती. केवळ बोलण्याची. मत देण्याची नाही, एक पैसा कमी-अधिक सुचविण्याचीही नाही. वर्षातून एकदा मार्च महिन्यात अर्थखात्याचे सभासद जमाखर्च मांडीत, बिनसरकारी सभासद आभार मानून चार शब्द बोलत, आणि व्हाइसरॉय समारोप करीत. लग्नातल्या मंगलाष्टकांसारखा हा कार्यक्रम होता. ती कोणी अडवायची नसतात.

२६ मार्च १९०२ रोजी छत्तीस वर्षांचेही न झालेले प्राध्यापक गोखले या मांडवात उभे राहिले. त्या वर्षीचे अंदाजपत्रक शिलकीचे होते. शिल्लक सुमारे सात कोटींची. सरकारच्या मते हे भरभराटीचे लक्षण होते. गोखल्यांनी विचारले की, १८९६-९७ चा दुष्काळ आणि १८९९-१९०० चा दुष्काळ यांनी होरपळलेल्या देशात ही भरभराट आली कोठून? आणि मग त्यांनी उत्तर दिले, तेही सरकारच्याच आकड्यांतून.

ते उत्तर समजून घ्यायला मला तीन वेळा वाचावे लागले. मित्रहो, तुम्हांला एकदाच वाचावे लागावे म्हणून सोपे करून सांगतो. हिंदुस्थान सरकारला दरवर्षी विलायतेत पेन्शने, व्याज वगैरे देणी द्यावी लागत, ती पौंडांत. चांदी स्वस्त होत गेली तसा रुपया घसरला, पार तेरा पेन्सांपर्यंत उतरला. तेव्हा त्याच पौंडाला जास्त रुपये मोजावे लागू लागले. ही तूट भरून काढण्यासाठी सरकारने १८८६ साली प्राप्तिकर बसविला आणि १८८८ साली मिठावरचा कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये केला. पुढे १८९३ साली खाजगी चांदीला टांकसाळी बंद झाल्या, रुपया चढत गेला आणि सोळा पेन्सांवर स्थिरावला. देणी हलकी झाली. पण देणी जड असताना बसविलेले कर मात्र जसेच्या तसे राहिले. उरले ते शिल्लक! म्हणजे ती शिल्लक लोकांच्या सुबत्तेतून आलेली नव्हती, तर लोकांकडून गरजेपेक्षा अधिक काढून घेतलेल्या पैशांची होती. आणि त्यातला मिठाचा कर तर जो भाकरीबरोबर फक्त मीठ खातो त्याच्याकडूनही वसूल होत होता.

मत देण्याचा अधिकार नसलेल्या सभागृहात हे भाषण झाले. पण पुढच्याच वर्षी, १९०३ साली, मिठावरील कर अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला आणि प्राप्तिकराची माफी पाचशे रुपयांवरून हजार रुपयांच्या उत्पन्नापर्यंत वाढली. १९०५ साली मिठाचा कर दीड रुपया झाला, १९०७ साली एक रुपया. हे सगळे एकट्या गोखल्यांमुळे झाले असे मी म्हणणार नाही. मागणी जुनी होती, आणि सरकारजवळ शिल्लक खरोखरच साठलेली होती. पण ती शिल्लक कोणाची, हा प्रश्न एकदा उघड विचारला गेल्यावर गप्प बसणे सरकारला अवघड गेले.

१९०२ साली त्यांनी फर्ग्युसन कॉलेजचा निरोप घेतला. १९०५ साली १२ जून रोजी भारत सेवक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविले. पुणे नगरपालिकेचेही ते काही वर्षे अध्यक्ष होते. या सगळ्याबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिले आहे. माझे लक्ष मात्र दरवर्षीच्या मार्च महिन्याकडे लागलेले राहते. दरवर्षी शिल्लक निघे, दरवर्षी ती रेल्वेकडे नाहीतर लष्कराकडे वळे, आणि दरवर्षी गोखले उठून हा पैसा ज्यांच्याकडून आला त्यांच्या पोरांच्या शाळेसाठी, त्यांच्या पाण्यासाठी आणि गटारांसाठी द्या असे सांगत. १९०४ साली खुद्द सरकारनेच आपल्या शैक्षणिक ठरावात कबूल केले होते की पाचांपैकी चार खेड्यांत शाळा नाही आणि चार मुलांपैकी तीन मुले काहीही न शिकता वाढतात. गोखल्यांना नवा शोध लावायचा नव्हताच. ते हाच कागद दाखवून म्हणत होते की, आता पुढे काय?

१९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी कायदेमंडळात ठराव मांडण्याचा आणि त्यावर मत देण्याचा हक्क आला. ठराव सरकारवर बंधनकारक नव्हता ही गोष्ट वेगळी. १८ मार्च १९१० रोजी गोखल्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्यास आरंभ करावा असा ठराव मांडला. त्यांनी जपानचा दाखला दिला, इंग्लंडच्या १८७० च्या कायद्याचा दिला, पण मला सर्वांत आवडला तो बडोद्याचा. सयाजीराव महाराज हे मूळचे आपल्या नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या शेतकऱ्याच्या घरचे. त्यांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीचे शिक्षण करून पाहिले आणि १९०६ साली ते सबंध संस्थानाला लागू केले. बडोद्यात लोकसंख्येच्या शेकडा ८.६ मुले शाळेत होती, ब्रिटिश हिंदुस्थानात शेकडा १.९. बडोदे सरकार प्राथमिक शिक्षणावर माणशी साडेसहा पेन्स खर्च करीत होते, तर ब्रिटिश सरकार कसाबसा एक पेनी. ज्याच्या राज्यावर सूर्य मावळत नाही त्याची ही ऐपत! सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिले म्हणून गोखल्यांनी ठराव मागे घेतला. त्या वर्षाअखेर सरकारने शिक्षणाचे स्वतंत्र खाते काढले आणि सर हार्कोर्ट बटलर त्याचे सभासद झाले. मुख्य मागणीचे मात्र काही झाले नाही.

तेव्हा १६ मार्च १९११ रोजी गोखल्यांनी स्वतःचेच विधेयक आणले.

हे विधेयक वाचताना माझी पहिली प्रतिक्रिया निराशेची झाली. मला वाटले होते की सर्व मुलांना ताबडतोब शाळा अशी काही सणसणीत मागणी असेल. तसे काही नाही. फक्त सहा ते दहा वर्षांच्या मुलांपुरती सक्ती, म्हणजे चार इयत्ता. तीही ज्या गावातील मुले अगोदरच ठराविक प्रमाणात शाळेत जात असतील त्याच ठिकाणी. तीही स्थानिक नगरपालिकेने किंवा बोर्डाने मागितली तर. आणि मागितली तरी सरकारची मंजुरी हवीच. मुलींची सक्ती नंतर यथावकाश. फी माफ कोणाची, तर ज्या बापाची मिळकत महिन्याला दहा रुपयांच्या आत आहे त्याच्या मुलांची. खर्चासाठी स्थानिक संस्थेला शिक्षणपट्टी बसविण्याचा अधिकार, आणि खर्चाची वाटणी अशी की दोन हिस्से सरकारने द्यावे, एक हिस्सा स्थानिक संस्थेने.

इतकी सावध, इतकी अटींनी बांधलेली मागणी! पण दुसऱ्यांदा वाचल्यावर लक्षात आले की ही भीती नाही, हा हिशेब आहे. सरकारला पैसे नाहीत म्हणण्याची सोय राहू नये म्हणून त्यांनी अगोदर खर्चच काढून ठेवला होता. देशातील सर्व मुलगे शाळेत घालायचे तर वाढीव खर्च वर्षाला सुमारे साडेचार कोटी, पैकी सरकारचा वाटा तीन कोटी, आणि तोही एकदम नव्हे तर वर्षानुवर्षे वाढत जाऊन. त्या काळी लष्करावर वर्षाला अठ्ठावीस-तीस कोटी खर्च होत होते. तीन कोटी कोठून आणायचे याचे मार्गही त्यांनी सांगितले होते, त्यांत लागल्यास आयात मालावरील जकात वाढवा हेही होते.

विधेयक मतासाठी वर्षभर देशभर फिरले. काँग्रेसने पाठिंबा दिला, मुस्लिम लीगने दिला, गावोगावच्या सभांनी दिला. मधल्या काळात दिल्ली दरबार झाला आणि बादशहांनी शिक्षणासाठी सालीना पन्नास लाखांची देणगी जाहीर केली. देणगी मिळाली, हक्क मिळाला नाही. प्रांतिक सरकारांचे अभिप्राय प्रतिकूल आले. सक्ती लोकांना आवडणार नाही, गरिबाला पोराच्या हाताची मजुरी लागते, शिक्षक नाहीत, इमारती नाहीत, नवी पट्टी लोक देणार नाहीत, अशी त्यांत कारणे होती. यांतले मजुरीचे कारण अगदीच खोटे होते असे मी म्हणू शकत नाही. माझी पणजी शाळेत गेली नाही कारण तिला गुरांमागे जावे लागे. पण गोखल्यांचे उत्तर असे होते की जगात जेथे जेथे सक्ती आली तेथे तेथे गरिबी होतीच. गरिबी संपण्याची वाट पाहून कोणत्याच देशाने शाळा काढल्या नाहीत.

१८ आणि १९ मार्च १९१२ असे दोन दिवस कलकत्त्याला वाद झाला. मागणी काय, तर विधेयक चिकित्सा समितीकडे पाठवावे. पंडित मालवीय गोखल्यांच्या बाजूने बोलले, मझरुल हक बोलले, आणि मुंबईचे तरुण बॅरिस्टर जिना हेही बोलले. पैसा नाही हे कारण जिनांनी ऐकूनच घेतले नाही. सरकारने तो शोधावा, पुन्हा शोधावा, असा त्यांचा आग्रह होता. पुढे ज्यांच्या वाटा इतक्या दूर गेल्या ती माणसे त्या दिवशी एका बाकावर होती, हे वाचून मी थोडा वेळ पुस्तक मिटून ठेवले. बटलरसाहेबांनी गोखल्यांविषयी आदर दाखविला आणि वेळ आलेली नाही असे सांगितले. काही हिंदी सभासदही विरोधात गेले. जमीनदार वर्गाला आपल्या शेतावरचे हात शाळेत जाऊन बसणे परवडणारे नव्हते.

मते पडली. बाजूने १३, विरुद्ध ३८. सभागृहात सरकारी सभासदांचेच बहुमत, आणि सरकारी सभासदाने सरकारबरोबर मत द्यायचे हा शिरस्ता, तेव्हा निकाल ठरलेलाच होता. गोखल्यांनी तो आधीच ओळखून समारोपाच्या भाषणात बोलून दाखविला होता. त्यांना खेद नव्हता. आपल्या पिढीच्या वाट्याला देशाची सेवा यशाने करण्यापेक्षा अपयशानेच करणे आले आहे, अशा आशयाचे त्यांचे ते बोलणे होते. त्या भाषणात कोठेही चढा सूर नाही. मला तरी त्या जागी संताप आवरला नसता.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण वर्गात चर्चा झाली तेव्हा एका मैत्रिणीने अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवले. मुलींना नंतर म्हणणारे हे विधेयक मंजूर झाले असते तरी तुझी पणजी शाळेत गेली असती कशावरून, असे तिने विचारले. मला उत्तर देता आले नाही. पणजीचा थोरला भाऊ कदाचित गेला असता. आणि दुसरे असे की, हा प्रश्न प्रथम गोखल्यांनी विचारला असेही नाही. त्यांच्या विधेयकाच्या एकोणतीस वर्षे अगोदर, १८८२ साली, महात्मा फुले यांनी हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली होती. शेतकऱ्याच्या घामातून सारा गोळा होतो आणि तो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हे त्यांनी रोखठोक मांडले होते. फुल्यांनी जे शेताच्या बांधावर उभे राहून सांगितले तेच गोखल्यांनी कायदेमंडळाच्या टेबलावर जमाखर्चाच्या वहीतून सांगितले. पहिल्याचा आवाज आम्हांला जवळचा वाटतो. दुसऱ्याचे काम मात्र आज आमच्यापैकी कोणी करताना दिसत नाही, म्हणून त्याच्याविषयी लिहावेसे वाटले.

विधेयकानंतर गोखले तीनच वर्षे जगले. १९१२ साली ते दक्षिण आफ्रिकेत गांधीजींकडे जाऊन आले. सरकारी नोकऱ्यांसंबंधीच्या शाही आयोगावर त्यांनी काम केले. १९१४ साली देऊ केलेला सर हा किताब नाकारला. मधुमेहाने शरीर पोखरले होते, विश्रांती घेणे स्वभावात नव्हते. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय पुरते एकोणपन्नासही नव्हते. आयुष्यभर ज्यांच्याशी मतभेद झाले ते टिळक सिंहगडाहून खाली आले आणि स्मशानात त्यांच्याविषयी आदराने बोलले.

मेलेले विधेयक पुन्हापुन्हा जिवंत होत राहिले. १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात मोफत व सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. ज्या कोल्हापुरात गोपाळ आठ रुपयांवर शिकला तेच हे संस्थान. १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात कायदा झाला, पण तो नगरपालिकांपुरता. आमच्यासारखी खेडी १९२३ च्या कायद्याने त्याच्या कक्षेत आली, तरी पैशाअभावी ती सक्ती बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिली. १९५० साली राज्यघटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना दहा वर्षांत मोफत शिक्षण देण्याचे उद्दिष्ट सांगितले. १९६० उलटले, कोठारी आयोग राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करा असे सांगून गेला, २००२ साली घटनादुरुस्ती झाली, २००९ साली कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. मी त्या वर्षी बालवाडीत होतो. पन्नास वर्षांत जे झाले नाही ते माझ्या पाटीपेन्सिलीच्या वेळेस झाले.

आता आमच्या शाळेचा पैसा. जिल्हा परिषदेच्या शाळांतील शिक्षकांचा पगार राज्याच्या तिजोरीतून होतो. महापालिकेला मात्र आपल्या शाळांच्या खर्चाचा मोठा वाटा स्वतःच उचलावा लागतो. गोखल्यांनी घातलेला दोन हिस्से आणि एक हिस्सा हा वाद या ना त्या रूपाने अजून चालूच आहे. पिंपरी-चिंचवडची १९८२ साली महापालिका झाली तेव्हा तिचा मुख्य आधार कारखान्यांच्या मालावरची जकात होता. नाक्यावर लागणाऱ्या मालमोटारींच्या रांगा वडील अजून वर्णन करून सांगतात. १ एप्रिल २०१३ ला जकात गेली, मग स्थानिक संस्था कर आला, तोही गेला, २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि त्यापोटी राज्याकडून भरपाई येऊ लागली. वडिलांच्या कारखान्यात बनणारा सुटा भाग नाक्यावरून बाहेरगावी जाई, कच्चा माल आत येई, त्यावरची जकात भरली जाई, आणि त्यातलाच काही पैसा फिरून माझ्या शाळेच्या फळ्यापर्यंत येई. हे मला गोखले वाचेपर्यंत कोणी सांगितले नव्हते. यंदा मार्चमध्ये मी प्रथमच महापालिकेच्या अंदाजपत्रकातील प्राथमिक शिक्षणाचे पान काढून बसलो. निम्मे समजले, निम्म्यासाठी सरांकडे गेलो. सरांनीही एक सदर उद्या पाहून सांगतो म्हणून ठेवून घेतले.

परवा घरी जुनी पेटी आवरताना एक कागद सापडला. आमच्या जमिनीच्या एका तुकड्याचा तो जुना व्यवहार होता. खाली पणजीचा डाव्या हाताचा अंगठा उमटलेला आहे, शाई थोडी पसरलेली. शेजारी साक्षीदार म्हणून माझ्या आजोबांची सही आहे, मोठ्या, सुट्या अक्षरांत, प्रत्येक अक्षरावर वेगळी रेघ ओढलेली. आजोबा गावच्या शाळेत शिकले होते. चौथीपर्यंत.